सांगून आलेलं लेकरू

फाटा मागं पडून तास झाला होता आणि गुरुबाईअव्वा अजून एकालाही सोडायला तयार नव्हती. विहीण, व्याही, नातजावई, फटफटीवरून फिरणारा तो प्रचारक, बस फाट्यावरच वळवून नेणारा ड्रायव्हर, सगळ्यांचा उद्धार चालता चालता चालला होता. दोन्ही अंगांना शेंगांनी वाकलेली तूर, मधून गाडीवाट, आणि पुढं अव्वा. सासष्ट वर्षांची बाई. मी तिच्याहून वीस वर्षांनी लहान, अंगणवाडीत दिवसभर लेकरांमागं पळणारी, तरी मला धाप लागली होती.

"अव्वा, जरा हळू," मी म्हणाले.

"तू बस त्या बाभळीखाली. मी जाऊन येते."

"मला बायबल वाचायला म्हणून आणलंस ना?"

"मग पाय उचल. शास्त्र कुठं पळून जायला न्हाई."

आम्ही अंबिकाला आणायला निघालो होतो. अंबिका म्हणजे अव्वाची नात, लेकीची लेक. आई तापानं गेली तेव्हा ती चार वर्षांची होती, तेव्हापासून अव्वानंच वाढवली. दोन वर्षांमागं मादन हिप्परग्याच्या पुढच्या एका वाडीत दिली. आमच्याच मंडळीतलं घर, प्रार्थनेचं घर, म्हणून दिली. नवरा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर. आता तिला आठवा संपत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत, हिंदू असो की ख्रिस्ती. सातव्यात ओटी भरून आणायची. अव्वा दोनदा निरोप धाडून थकली. सासरचे धाडेनात.

कारण सांगण्यासारखं होतं म्हणून त्यांनी अभिमानानं सांगितलं. श्रावणात त्यांच्या घरी एक प्रचारक आला होता. आमच्या चर्चचा नाही, कुठल्या चर्चचा ते त्याचं त्यालाच ठाऊक. कीबोर्ड, भोंगा, मागं दोन पोरं असा लवाजमा. त्यानं अंबिकाच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटले आणि भविष्य सांगितलं. मुलगा होईल. देवाचा मोठा सेवक होईल, हजारो लोक त्याच्या मागं येतील. आणि तो ह्याच छपराखाली जन्मला पाहिजे. वर बजावून गेला की तपासण्या, स्कॅनिंग असलं काही करायचं नाही. ती शंका झाली. जखऱ्या याजकानं देवदूताच्या शब्दावर शंका घेतली आणि तो मुका झाला, हे विसरू नका.

त्या दिवसापासून त्या घरात कुणी काही विचारीना. अंबिकाचं तायी कार्ड, ज्यावर गरोदर बाईच्या तपासण्या लिहितात ते, ट्रंकेत गेलं. पाचव्या महिन्यानंतरचे रकाने कोरे.

आणि आदल्या दिवशी दुपारी मला अंबिकाचा फोन आला होता. बोलणं हळू, कुणी ऐकेल अशा धास्तीचं. "मावशी, पायात चप्पल जाईना. डोकं लई दुखायलंय. अव्वाला सांगू नको." मी तशीच उठून अव्वाला सांगितलं.

अव्वा दाई होती, हे सांगायला हवं. होती म्हणजे, एकशे आठची गाडी गावात यायला लागली तोवर. माहेर कोहिनूर गावचं. पंधराव्या वर्षी निंगप्पाला दिली. तो खाणीत फरशी काढायचा, बोलायचा कमी. सासू दाई, तिच्या हाताखाली ही शिकली. मग सरकारी दवाखान्यात महिनाभर शिक्षण झालं, ॲल्युमिनियमची पेटी मिळाली, आत कात्री, धागा, साबण. आमच्या गावातली निम्मी माणसं अव्वाच्या हातावर पहिल्यांदा रडली आहेत. मीसुद्धा.

गावात तिला सगळे अव्वा म्हणतात. पण तिला घरात घ्यायचे ते मागच्या दारानं. लेकरू तिच्या हातातून घ्यायचे आणि तिला चहा द्यायचा तो गोठ्याच्या उंबऱ्याशी, वरून ओतून. ती उठून गेली की बसल्या जागी पाणी शिंपडायचं. हे फार जुनं नाही. मी डोळ्यांनी बघितलं आहे, आणि ज्यांच्या घरी बघितलं ते आज मला नमस्कार करतात, मीही करते.

म्हणून नाताळच्या नाटकात तिचं दर वर्षी बिनसायचं. आमच्या चर्चमध्ये तरणी पोरं बेथलेहेमचं नाटक बसवतात. सरायवाला "जागा न्हाई" म्हणतो, तिथं लोक हसतात, कारण ते काम करणारा नेहमी कुणीतरी विनोदी असतो. एका वर्षी अव्वा बायांच्या रांगेतून उठलीच. "दिवस भरलेली बाई दारात उभी हाय आन् तू हात काय हलवायलास?" ती त्या पोराला म्हणाली. "तुझ्या घरात बायामाणसं न्हाईत का? आईला हाक मार की." सगळं चर्च हसलं. पोरगा गोंधळून खरंच "आई" म्हणाला. अव्वा हसली नाही. घरी जाताना मला म्हणाली, "सगळ्या गावात एक दाई नसंल व्हय? असंल. तिला कुणी उठवलं न्हाई. पहिलटकरणीला एकटीला गोठ्यात सोडली. आन् विजू, देव आला तर कुठं आला बघ. मला जिथं बसवून चहा देत्यात तिथं आला."

मी तीस वर्षं नाताळची प्रवचनं ऐकते आहे. असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

वाटेत ओढा लागला तिथं ती एकदाच थांबली. पाय धुतले, पदरानं तोंड पुसलं. मी म्हणाले, "अव्वा, ते लोक वाईट नाहीत. भाबडे आहेत."

"मी बी भाबडीच होते," ती म्हणाली. "शम्याला काय केलं मी?"

शम्या म्हणजे शमुवेल, तिचा मुलगा. तीन लेकरं पाठोपाठ गेली तेव्हा तिनं चर्चमध्ये गुडघे टेकून कबूल केलं होतं की आता जगलं ते तुझं. शमुवेल जगला. तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकांनी मंडळीपुढं सांगितलं, हा देवाचा माणूस होणार. मग त्याला गोट्या खेळू दिल्या नाहीत. सिनेमाला जाऊ दिलं नाही. शेजारचा पोरगा शिवी देऊन सुटायचा, शमुवेलनं दिली की सगळी मंडळी त्याच्या आईला विचारायची, हा का तुमचा पाळक. अठराव्या वर्षी पाळकांच्या शाळेत धाडला. सात महिन्यांनी तो तिथून निघाला तो घरी आलाच नाही. सोलापूरला टेम्पो चालवतो. बहिणीच्या मातीलाही आला नव्हता.

"त्याला मी लेकरू म्हून वाढवलंच न्हाई," अव्वा म्हणाली. "कबूल केलेली चीज म्हून वाढवलं. आता हे अंबिकाच्या पोटातल्याला तसंच करायलेत, जन्मायच्या आधीच. आन् जन्मू बी दीनात." ती उठली आणि पुन्हा चालायला लागली. त्यापुढं वाडी येईपर्यंत ती कुणालाच काही बोलली नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली.

व्याह्यांचं घर पत्र्याचं, नीट सारवलेलं. दारावर त्या प्रचारकाचा फोटो असलेलं बॅनर. व्याही जगदेवप्पा तूर झोडपायची काठी घेऊन अंगणात बसले होते. विहीण सुधारानी बाहेर आली, पाणी दिलं, "अव्वा, चालत कामून आलात? फोन करायचा की," म्हणाली. वागणं गोडच होतं. अव्वानं तांब्या तसाच खाली ठेवला.

"पोरगी कुठाय?"

अंबिका आतून भिंत धरत आली. तोंड सुजलेलं, डोळे बारीक झालेले. अव्वानं तिला खाटेवर बसवलं आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. तिनं दुसऱ्या पायावर दाबला. तोच खळगा.

"डोळ्यापुढं अंधारी येती का?"

अंबिकानं सासूकडं बघितलं.

"तिच्याकडं काय बघायलीस? डोळे तुझे हायत."

"येती," अंबिका म्हणाली.

"उठ. चल."

"अव्वा, तसं कसं," सुधारानी मधे आली. "देवाचा शब्द हाय ह्या घरावर. भायेर नेलं आन् काय झालं तर? आमी रोज प्रार्थना करायलाव. सूज तर बायांना येतीच की."

"विहीणबाई, किती बाळंतपणं केली तुमी?"

"माझी दोन."

"मी तीनशेच्या पुढं मोजली न्हाईत. असली सूज मी चार येळा बघितली. त्यातल्या दोघींना माती दिली. ह्याच्यापुढं झटके येत्यात. तवा ह्या फाट्यावरनं गाडी कवा यायची?"

सुधारानीचा चेहरा उतरला, पण ती हटली नाही. नवऱ्याकडं बघून म्हणाली, "जखऱ्यानं शंका घेतली—"

"जखऱ्याचं ठाऊक हाय मला," अव्वा म्हणाली. "मरियेचं ठाऊक हाय का तुमाला? तिनं बी इचारलं. देवदूताला तोंडावर इचारलं, हे कसं हुईल म्हून. मुकी झाली का ती? त्यानं नीट समजावून सांगितलं तिला. आन् देवदूत गेल्यावर ती कुठं गेली? विजू, वाच."

ह्यासाठीच तिनं मला आणलं होतं. तिला अक्षर येत नाही, पण कुठलं पान काढायचं ते येतं. मी पिशवीतून शास्त्र काढलं आणि ती जागा वाचली. देवदूत गेल्यावर मरिया उठली, घाईनं डोंगराळ मुलखात निघाली, आणि आपल्या वयस्कर नातलग बाईच्या घरी जाऊन तीन महिने राहिली.

"ऐकलं?" अव्वा म्हणाली. "त्या लेकराची बातमी तर खुद्द देवदूतानं आणली हुती, फटफटीवाल्यानं न्हाई. तरी कुणी म्हणालं न्हाई, ह्याच छपराखाली बसून राहा. आपल्यातल्या जाणत्या बाईकडं गेली ती. मी ह्या पोरीची तीच हाय."

जगदेवप्पा आमच्याकडं रविवारी धडा वाचणारे गृहस्थ. त्यांनी माझ्याकडून पुस्तक मागून घेतलं, चष्मा लावला आणि स्वतः पुन्हा वाचलं. ओठ हलत होते. हे त्यांनी कैक वेळा चर्चमध्ये उभं राहून वाचलं असणार. सुधारानी मात्र शेवटचं बोललीच. "पण तिचं लेकरू गोठ्यातच झालं की अव्वा. दवाखान्यात कुठं झालं?"

"दवाखाना असता तर योसेफानं गाढव पळवलं असतं," अव्वा म्हणाली. मला हसू फुटणार होतं, पण तिच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या. "देवाला गोठा आवडतो म्हून झालं व्हय ते तिथं? लोकांनी दारं लावली म्हून झालं. तुमी आज दार लावणाऱ्यांच्यात बसलाव, विहीणबाई. वरून प्रार्थना करायलाव."

जगदेवप्पांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि बायकोला म्हणाले, "पोरीची कापडं भर." मग ते स्वतः शेजारच्या निंगराजचा छोटा हत्ती टेम्पो आणायला गेले. ट्रंकेतलं तायी कार्ड सुधारानीनंच काढून दिलं. ती वाईट बाई नव्हती. पण भाबडेपणानं बाई मरते तेव्हा तिला वाईटपणानं मेल्यापेक्षा कमी दुखतं का, हे मला कुणीतरी सांगावं.

आळंदच्या दवाखान्यात रक्तदाब बघितला आणि तिथूनच कलबुर्गीला धाडलं. तिथं डॉक्टरीणबाईंनी कार्डावरचे कोरे रकाने बघितले आणि समोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईला, म्हणजे अव्वालाच, धारेवर धरलं. इतके महिने झोपला होता काय, पोरीचा जीव स्वस्त आहे काय. कानडीत, भरपूर. मी सांगायला पुढं झाले तर अव्वानं माझा दंड धरला. सगळं ऐकून घेतलं. बाई आत गेल्यावर म्हणाली, "बोलू दे. कुणाला तरी राग यायलाय, बरं वाटलं."

दुसऱ्या दिवशी पोट फाडून लेकरू काढलं. दोन किलोला कमी. मुलगी. अंबिका वाचली.

प्रचारकाचा निरोप चार दिवसांत पोचला. घर सोडलं, विश्वास मोडला, म्हणून मुलाची मुलगी झाली. हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिते आहे. ते ऐकून अंबिका रडली, आणि इतके महिने उरात दाबलेलं मी पहिल्यांदा अपशब्दात बाहेर काढलं. चर्चमध्ये जाणाऱ्या बाईनं ते इथं लिहू नये.

नाताळच्या दिवशी उपासनेत पाळकांनी विचारलं, कुणाला उपकारस्तुतीची साक्ष द्यायची आहे का. अव्वा उठली. लेकरू तिच्याच हातात होतं. लोकांना वाटलं, देवाचे आभार मानून बसेल. आभार तिनं एका वाक्यात मानले. मग म्हणाली:

"सांगून आलेलं लेकरू एकच. ते कशाला आलं? आपलं पाप उचलायला आलं. आपल्या वाट्याचं मरण मरायला आलं. पाळण्यात हुतं तवाच मंदिरात एका म्हाताऱ्यानं त्याच्या आईला सांगितलं, तुझ्या काळजातनं तलवार जाईल. हे खरं भविष्य. असलं पायजे का कुणाला आपल्या लेकरासाठी? हात वर करा. न्हाई पायजे. तुमाला पायजे माईक, हजार माणसं, गळ्यात हार. ते तर त्यालाच मिळालं न्हाई. त्यानं सगळं केलं, काय बाकी ठिवलं न्हाई, म्हून आपली लेकरं मोकळी हायत. शेती करतील, टेम्पो चालवतील, पोरी जन्मतील. देव त्यांच्याकडनं काय करून घ्यायचं ते घील. मी माझ्या पोराला मोकळं सोडलं न्हाई. ते पाप माझं हाय आन् ते बी त्यानंच उचललंय. पण पुन्हा कुणाच्या पोटावर ओझं घालाल तर मी इथं असीन तोवर गप बसणार न्हाई."

ती बसली. पाळकांनी घसा साफ केला आणि गीताचा नंबर सांगितला. जगदेवप्पा पुरुषांच्या बाजूला पहिल्या रांगेत होते. ते गाण्यासाठी उभे राहिले ते सगळ्यांच्या नंतर.

एवढ्यावर हे संपलं असतं तर मी लिहिलं नसतं. जानेवारीत, बाळंतिणीचा सव्वा महिना भरत आला तेव्हा अव्वा अंगणवाडीत आली. मी खिचडी वाढत होते. ती सगळी लेकरं जेवून होईपर्यंत दाराशी बसून राहिली, असं कधी बसत नाही.

"मंगळवारी अंबिकाला पोचवायला जायचंय," ती म्हणाली. "जगदेवप्पाचा फोन आला. माणूस बदललाय, लई नीट बोलला. पोरीचं नाव बी अंबिकालाच ठिवू दे म्हणाला."

"मग चांगलंच की."

"सुधारानीनं त्या दिवशी प्रार्थना ठिवलीय. तो येणार हाय. फटफटीवाला. तिनं बोलावलंय, नवऱ्याला न सांगता. फोनवर अंबिकाजवळ बोलली. आता बोलायलाय म्हणं, मुलगी झाली ती बी देवाची योजना, हिच्या पोटी सेवक येईल." तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "सव्वा महिन्याचं लेकरू, विजू. अजून मान धरीना. आन् तिच्या पोटी काय येणार ते सांगायला निघालाय."

"तू त्याला दारातच का विचारत नाहीस? तुला कोण अडवणार?"

"मी तोंड उघडलं की भांडण हुतंय. मी येईन घरी निघून. अंबिकाला तिथंच राह्याचंय, त्याच सासूच्या हाताखाली." तिनं माझ्या हातातला वाढायचा डाव काढून पातेल्यात ठेवला. "तू चल माझ्यासंगट. प्रार्थनेला सगळे डोळे झाकतील. तू झाकू नको. देवाला चालतंय, मी इचारलंय त्याला. अंबिकाच्या शेजारी बस, आन् त्या माणसाचा हात लेकराकडं निघाला की लेकरू तिच्या मांडीवरनं उचल आन् आत घेऊन जा. लंगोट भिजलाय म्हण, भुकेजलीय म्हण, काय बी म्हण. तुझ्यासारख्या शिकलेल्या बाईचा कुणी राग धरणार न्हाई. तेवढं करशील का?"